पाच पायांची गाय

आपल्या घरातील मूल वहीच्या पाठकोऱ्या पानावर, प्रसंगी नुकत्याच रंगविलेल्या भिंतीवरही चित्रे काढीत असेल. आपण घटकाभर कौतुक करतो आणि महिनाअखेरीस ते कागद रद्दीत जातात. चार वर्षांचे मूल माणूस काढते तेव्हा डोक्याच्या गोळ्यालाच थेट पाय फुटतात, धड नसतेच. पुढे धड येते, पायांखाली जमिनीची रेघ येते, आणि तो पहिला माणूस त्या हातून पुन्हा उतरत नाही. असे एखादे चित्र भरतकामाने कापडावर राखून ठेवता येते.

हिमाचल प्रदेशातील चंब्याचे रुमाल आपण पाहिले असतील. पहाडी चित्रशैलीतला चित्रकार कोळशाने आकृती काढून देई आणि त्यावर स्त्रिया अशा कौशल्याने टाके घालीत, की दोन्ही बाजू सारख्याच दिसत. आपल्या घरी चित्रकार पाच वर्षांचा आहे, एवढाच फरक!

मूळ कागदाला सुई लावू नये. पांढरे सुती कापड आधी धुऊन, आटवून, इस्त्री करून घ्यावे. दिवसा खिडकीच्या काचेवर चित्र ठेवून त्यावर कापड ताणून धरले की रेषा स्वच्छ दिसतात. त्या पेन्सिलीने हलक्या हाताने गिरवाव्यात. कचेरीतला काळा कार्बन वापरू नये, त्याचे डाग राहतात.

सहापदरी लडीतले एक-दोन पदर पेन्सिलीच्या बारीक रेषेला पुरतात. रंगीत खडूच्या जाड रेषेला तीन घ्यावेत. वळणावळणाच्या रेषेला उलटी टीप बरी. साखळी टाका खडूच्या रेषेसारखाच जरा खडबडीत दिसतो, म्हणून मला तो विशेष आवडतो. डोळ्यांना गाठी टाका घालावा. मुलाने खसाखसा रंगविलेला भाग मात्र गच्च भरू नये. त्याचा हात ज्या दिशेने फिरला त्याच दिशेने धावदोरा घालावा, मधले पांढरे तसेच राहू द्यावे. लाल आणि काळा दोरा ओल्या पांढऱ्या चिंधीवर दाबून रंग पक्का आहे ना, हे पाहून घ्यावे.

आणि चित्र सुधारू नये. हे मी अनुभवाने सांगते. माझ्या मुलीने काढलेल्या गाईला पाच पाय होते. एक चुकून आला असे समजून मी तो गाळला. भरलेला रुमाल हाती दिला तेव्हा तिने रिकाम्या जागेवर बोट ठेवून विचारले, "आई, वासरू कुठे गेले?" गाईच्या आड वासरू उभे होते, त्याचा एकच पाय दिसत होता! तो मी मागाहून भरला, पण तोवर पहिली लडी संपली होती. नव्या लडीचा तपकिरी रंग किंचित फिका निघाला आणि तो पाय आजही वेगळा ओळखू येतो.

तेव्हापासून सुईत दोरा ओवण्यापूर्वी मी चित्र घेऊन मुलीजवळ बसते आणि प्रत्येक रेघ कशाची, ते विचारून घेते. कोपऱ्यात नाव तिलाच लिहावयास सांगते. अक्षर उलटे आले, तर उलटेच भरते.