बारा हजार डॉलरची आमदारकी

अमेरिकेत राज्य विधिमंडळाच्या सदस्याची कारकीर्द किती लांबेल आणि ती मुळात कोणाला परवडेल, हे मतदारांच्या पसंतीइतकेच त्या राज्याने ठरवलेल्या वेतनावर, अधिवेशनाच्या दिवसांवर आणि मुदतमर्यादेवर, म्हणजे एका पदावर किती वर्षे राहता येईल या बंधनावर, अवलंबून असते. न्यू हॅम्पशरच्या ४०० सदस्यांच्या प्रतिनिधिगृहात वर्षाला १०० डॉलर मिळतात, तर कॅलिफोर्नियात लाखाहून अधिक. काहींना हे पद पायरीसारखे उपयोगी पडते. बेळगावहून अमेरिकेत गेलेले श्री ठाणेदार २०२१ मध्ये मिशिगनच्या प्रतिनिधिगृहात आले आणि दोनच वर्षांनी वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये पोहोचले.

नेब्रास्काचे अर्नी चेंबर्स यांनी मात्र ही पायरी ओलांडली नाही. या राज्यात १९३७ पासून एकच सभागृह असून त्याचे ४९ सदस्य मतपत्रिकेवर पक्षाचे नाव न लावता निवडून येतात. त्यांचे वार्षिक वेतन १९८८ मध्ये १२,००० डॉलर झाले आणि पुढे दशकानुदशके तेवढेच राहिले. उत्तर ओमाहाच्या कृष्णवर्णीय वस्तीत केशकर्तनाचा व्यवसाय करणारे चेंबर्स १९७० मध्ये निवडून आले, आणि सभागृहाचे नियम त्यांनी इतके आत्मसात केले की ‘फिलिबस्टर’, म्हणजे मतदान टळावे म्हणून तासन्‌तास बोलत राहणे, हे त्यांच्या एकट्याच्या हातातले शस्त्र बनले. ते मोडण्यास ३३ मते लागतात. मृत्युदंड रद्द करण्याचे विधेयक ते वर्षानुवर्षे मांडत राहिले. २०१५ मध्ये ते मंजूर झाले, राज्यपालांचा नकाराधिकारही सभागृहाने ३० विरुद्ध १९ मतांनी फेटाळला. पुढच्याच वर्षी जनमताने मृत्युदंड पुन्हा आणला.

मतदारांनी २००० मध्ये सलग दोन कार्यकाळांची, म्हणजे आठ वर्षांची, मर्यादा घातली तेव्हा तिचा रोख चेंबर्स यांच्यावर आहे, हे तेथे उघडपणे बोलले जाई. या मर्यादेमुळे जुने सदस्य गेले की नियमांचे ज्ञान सचिवालयाकडे आणि लॉबीस्टांकडे, अर्थात विधेयकांवर प्रभाव टाकण्यासाठी नेमलेल्या पगारी प्रतिनिधींकडे, उरते, हा आक्षेप रास्तच आहे. २००९ मध्ये चेंबर्स यांना जावे लागले. पण बंधन सलगतेचे असल्याने चार वर्षांच्या खंडानंतर परतण्याची वाट मोकळी होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांच्या मतदारसंघाने त्यांना परत पाठवले, आणि त्याच दिवशी राज्यभरच्या मतदारांनी वेतन २२,५०० डॉलर करण्याचा व तिसरा कार्यकाळ देण्याचा, असे दोन्ही प्रस्ताव नाकारले.