ठेसन, उतारू आणि फेरीबोट : एका प्रवासातील शब्दविचार

आदान शब्दांच्या घटकात पाठ्यपुस्तके बहुधा याद्या देतात. फारसीतून आलेले इतके, पोर्तुगीजमधून आलेले इतके, इंग्रजीतून आलेले इतके. अशा याद्या परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होतात आणि परीक्षेनंतर विस्मरणात जातात. म्हणून येथे यादीऐवजी एक प्रवास घेऊ. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथून आपण निघालो आहोत आणि रायगड जिल्ह्यातील घारापुरी या लहानशा बेटावर आपल्याला पोहोचावयाचे आहे, असे समजा. गावातून एस.टी.ने छत्रपती संभाजीनगर, चिकलठाणा विमानतळावरून मुंबई, विलेपार्ले किंवा अंधेरीहून लोकलने चर्चगेट आणि गेटवे ऑफ इंडियापासून लाँच. वाहने चार, आणि प्रत्येकाबरोबर आलेली शब्दसामग्री निराळी.

हा विषय निवडण्यास एक कारण आहे. दूरस्थ शिक्षणक्रमातील प्रौढ विद्यार्थ्यांच्या स्वाध्यायांत एक वाक्य वारंवार भेटते : ‘आमच्याकडे अशुद्ध बोलतात.’ आणि पुढे पुरावा म्हणून ‘यष्टी’, ‘ठेसन’, ‘फलाट’ असे शब्द दिलेले असतात. हा पुरावा नेमका कशाचा आहे, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

‘यष्टी’पासूनच आरंभ करू. ‘एस’ या अक्षरनामाचा ‘येस’ होणे ही मराठीची नेहमीची सवय आहे. शब्दारंभीचा ‘ए’ आपण ‘ये’ असाच उच्चारतो. त्यापुढे ‘टी’ हे मूर्धन्य व्यंजन आले आणि त्याच्या सान्निध्यात ‘स’चा ‘ष’ झाला. नष्ट, इष्ट, कष्ट या शब्दांत ‘ट’पूर्वी ‘ष’च येतो, ‘स’ येत नाही. म्हणजे ‘यष्टी’ म्हणणाऱ्याने इंग्रजी अक्षरे मराठीच्या ध्वनिनियमांत नीट बसवून घेतली आहेत. संस्कृतात ‘यष्टी’ म्हणजे काठी, हा निव्वळ योगायोग.

‘ठेसन’ या शब्दाची कथा याहून रंजक आहे. संस्कृत ‘स्तन’चे प्राकृतात ‘थण’ झाले, ‘हस्त’चे ‘हत्थ’ आणि पुढे मराठीत ‘हात’ झाले. ‘स्त’, ‘स्थ’ या जोडाक्षरांतील ‘स’ लोपतो आणि जाताना शेजारच्या व्यंजनाला महाप्राणत्व देऊन जातो. याच प्रक्रियेने ‘स्थान’चे ‘ठाण’ झाले. शिलाहारांच्या काळातील ‘श्रीस्थानक’ आज ‘ठाणे’ या नावाने उभे आहे. ज्या चिकलठाण्यावरून आपण विमानात बसणार, त्या गावाच्या नावातही तेच ‘ठाण’ आहे. आता ‘स्टेशन’कडे पाहा : ‘स’ गेला, ‘ट’चा ‘ठ’ झाला, ‘ठेसन’ उरले. जी वाट प्राकृत बोलणाऱ्यांनी चोखाळली, तीच वाट एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील शेतकऱ्याने, त्याला प्राकृत व्याकरणाचा गंध नसताना, पुन्हा चोखाळली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यालाच गेली, हे येथे ओघाने आठवते. शिवाय इंग्रजी ‘स्टेशन’ आणि संस्कृत ‘स्थान’ हे दोन्ही शब्द ‘उभे राहणे’ या अर्थाच्या एकाच प्राचीन इंडो-युरोपीय धातूपासून निघालेले आहेत. स्थानक, स्टेशन, ठाणे आणि ठेसन ही एका कुळातील चार भावंडे होत. त्यांपैकी एकालाच गावंढळ ठरवण्याचा अधिकार व्याकरणाला नाही. तो निवाडा समाजाने केलेला आहे, आणि समाज आपले निवाडे फिरवतोही. ‘फलाट’ हा शब्द याची साक्ष देईल. ‘प्लॅटफॉर्म’मधील जोडाक्षर मोडून, शेवटचा भाग टाकून देऊन तो घडला. आज मुंबईच्या स्थानकांवरील अधिकृत उद्घोषणेत ‘फलाट क्रमांक’ असेच ऐकू येते.

‘विमान’ शब्दाचा मार्ग याच्या उलट. येथे शब्द आधीपासून होता, वस्तू नव्हती. पुष्पक विमान रामायणामुळे घरोघरी ठाऊक होते. तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या कथेतही विमान येते. प्रत्यक्ष यंत्र आले तेव्हा मराठीने हा शब्द त्याला देऊन टाकला आणि त्यापासून विमानतळ, वैमानिक असे शब्द घडवले. भाषाशास्त्रात यास अर्थांतर म्हणतात. आगगाडीच्या बाबतीत असा तयार शब्द नव्हता, म्हणून आग आणि गाडी हे घरचे दोन शब्द जोडले गेले. ‘आगबोट’ मात्र अर्धी घरची, अर्धी परकी, म्हणजे संकरित. वाफेची इंजिने गेली आणि ‘आगगाडी’ बव्हंशी बालगीतांत व छापील मजकुरात उरली. बोलण्यात ‘रेल्वे’ आली. इंग्रजीत ‘रेल्वे’ म्हणजे लोहमार्ग वा ती यंत्रणा. आपण मात्र ‘रेल्वे आली’ असे म्हणतो, तेव्हा प्रत्यक्ष गाडीच अभिप्रेत असते. तिला स्त्रीलिंगही ‘गाडी’नेच दिले. लोकल, बस, मोटार या साऱ्या त्याच न्यायाने स्त्रीलिंगी झाल्या. ट्रक तेवढा पुल्लिंगी राहिला.

गेटवेवरून लाँच सुटते. तेथून घारापुरी सुमारे दहा किलोमीटर, म्हणजे साधारण तासाभराचे अंतर. ‘लाँच’ हा शब्द आपण इंग्रजीकडून घेतला. इंग्रजीने तो स्पॅनिश-पोर्तुगीजांकडून घेतला, आणि त्याचे मूळ मलायी भाषेत असावे असे कोशकार मानतात. समुद्रावरील मराठी शब्द असेच दूरदूरचे आहेत. जहाज, खलाशी हे अरबी. बंदर, दर्या हे फारसी. नाखवा हा फारसी ‘नाखुदा’चा मराठी अवतार. ‘जंजिरा’ म्हणजे मुळात अरबी ‘जझीरा’, अर्थात बेट. त्यामुळे ‘जंजिरा बेट’ असे म्हणताना आपण बेटाला दोनदा बेट म्हणत असतो. शिवकाळातील ‘राज्यव्यवहारकोशा’ने कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले खरे, तरी दर्यावरचे हे शब्द टिकले. ज्यांचे रोजचे काम त्या शब्दांवर चालते, ते लोक कोश पाहून बोलत नाहीत.

याच लाँचला कित्येक जण ‘फेरीबोट’ म्हणतात. इंग्रजी ‘फेरी’ हा ‘वाहून नेणे’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदातून आला. मराठी ‘फेरी’चा संबंध ‘फिरणे’शी. दोहोंत नाते नाही. पण मराठी माणसाला विचारा, तो सांगेल : दिवसभर फेऱ्या मारते म्हणून फेरीबोट! ही लोकव्युत्पत्ती होय. शास्त्राच्या दृष्टीने ती चूक आहे, परंतु परका शब्द परका वाटेनासा कसा होतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

एवढ्यावरून असे वाटेल की, समुद्रापासून दूर असलेल्या अंतरवाली सराटीच्या माणसाने या प्रवासात केवळ शब्द घ्यावयाचे. तसे नाही. गावाच्या दक्षिणेस गोदावरी वाहते. शहागडजवळच्या पुलावरून ती ओलांडली की बीड जिल्हा लागतो. पूल नव्हते तेव्हा नदी ओलांडावी लागे ती नावेने, किंवा पाणी उथळ असेल तेथून पायी. अशा उथळ जागेला मराठीत ‘उतार’ म्हणतात. संस्कृत ‘तृ’, म्हणजे पार जाणे, या धातूपासून तरणे, तारू, तीर्थ, वैतरणी आणि उतरणे हे शब्द आले. ‘तीर्थ’ म्हणजे मुळात नदी ओलांडण्याची जागाच. त्याच कुळातला ‘उतारू’. पार उतरणारा, म्हणून प्रवासी. हा शब्द नावेतून जहाजात गेला, जहाजातून रेल्वेच्या डब्यात गेला. नदीकाठचा शब्द अशा रीतीने लोहमार्गाने हिंडून आला.

घारापुरीला उतरल्यावर धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत नेणारी एक छोटी गाडीही आहे. बेटावरच्या वस्त्यांची नावे शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर. फारसी ‘बंदर’ तिन्हींत मुरलेले आहे, आणि ते परके असल्याची शंकाही कोणास येत नाही. ‘एलिफंटा’ हे नाव पोर्तुगीजांनी तेथील दगडी हत्तीवरून दिले. तो हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटाटोपात मोडला आणि जोडलेल्या अवस्थेत आज भायखळ्याच्या जिजामाता उद्यानाच्या आवारात आहे. हत्ती गेला, त्याच्यावरून पडलेले नाव बेटावर राहिले. १९८७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत ही लेणी गेली तीही ‘एलिफंटा’ याच नावाने. लेणी सोमवारी बंद असतात, हे प्रत्यक्ष जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

स्वाध्यायासाठी : आपल्या घरातील किंवा गावातील साठीपुढील एका व्यक्तीस तिच्या पहिल्या लांबच्या प्रवासाविषयी बोलते करा. वाहन, मार्ग, तिकीट, सामान यांसंबंधीचे दहा शब्द जसे ऐकू आले तसेच लिहून घ्या. प्रत्येक शब्दापुढे त्याचे प्रमाण रूप लिहा आणि मधला ध्वनिबदल एका वाक्यात सांगा. निवेदन प्रमाण मराठीत असावे. मात्र ऐकलेले शब्द दुरुस्त करू नयेत, आणि ‘अशुद्ध’ हा शेरा कोठेही लिहू नये.