सभेचा परवाना आणि नॉरशॉपिंगचे दगड

स्टॉकहोम

वर्धा जिल्ह्यातल्या देवळीहून फोन आला की एक प्रश्न ठरलेला असतो : तुमच्या स्वीडनात कुराण जाळायला पोलिस परवानगी देतात म्हणे? असं कसं हो सरकार?

परवानगी जाळण्याची नसते, सभेची असते. अर्जात दिवस, वेळ, जागा लिहायची. तिथे काय बोलणार यावरून पोलिस नाही म्हणू शकत नाहीत, कारण सभेचा हक्क राज्यघटनेत आहे आणि धर्मश्रद्धेच्या अवमानाचा गुन्हा १९७० सालीच रद्द झाला. २०२३ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी अर्ज फेटाळून पाहिले, पण न्यायालयाने ते उलटवलं. धोका खुद्द त्या सभेशी जोडलेला हवा, देशावर संकट येईल ही भीती पुरत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. मग २८ जूनला, ऐन बकरी ईदच्या दिवशी, सलवान मोमिका या इराकी निर्वासिताने मोठ्या मशिदीसमोर बंदोबस्तात कुराण पेटवलं. उन्हाळा कोरडा म्हणून शहरात उघड्यावर आग लावायला मनाई होती. त्यामुळे चिथावणीबरोबरच ती मनाई मोडल्याचीही चौकशी त्याच्यामागे लागली! तीन आठवड्यांनी बगदादमध्ये जमावाने स्वीडिश वकिलात पेटवली. २९ जानेवारी २०२५ ला, खटल्याच्या निकालाच्या आदल्या दिवशी, मोमिकाला गोळ्या घालून मारलं.

मला मात्र त्याआधीचा, २०२२ चा ईस्टर जास्त बोलका वाटतो. रासमुस पालुदान हा डॅनिश पुढारी गावोगाव कुराण जाळत हिंडत होता. रविवारी तो नॉरशॉपिंगला येणार अशी हवा होती. तो आलाच नाही. दगड मात्र आले. पोलिसांवर, त्यांच्या गाड्यांवर. इशाऱ्यासाठी झाडलेल्या गोळ्या उसळून तिघे जखमी झाले. त्या चार दिवसांत ठिकठिकाणी मिळून शंभराहून जास्त पोलिसांना मार बसला.

देवळीकरांना हे दूरचं वाटायचं कारण नाही. १७ मार्च २०२५ ला नागपुरात, महाल भागात, विश्व हिंदू परिषद आणि बजरंग दलाने औरंगजेबाच्या कबरीची प्रतिकृती जाळली. मरून ३१८ वर्षं झालेल्या बादशहावरचा राग! तिच्यावरच्या हिरव्या कापडावर पवित्र मजकूर होता अशी अफवा संध्याकाळपर्यंत फिरली आणि महाल, हंसापुरीत दगडफेक, जाळपोळ झाली. फुटल्या त्या दारात लावलेल्या गाड्या. तेहतीस पोलिस जखमी झाले. जखमींपैकी एकजण पाच दिवसांनी दवाखान्यात वारला. तो रेल्वे पकडायला निघाला होता, असं घरचे सांगतात. ज्यांनी जाळलं ते आणि ज्यांना मार बसला ते, यांचा एकमेकांशी काय संबंध?

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, रामनवमीला, देवळीतच मानापमान झाला. सोवळं-जानवं नाही म्हणून आपल्याला राममंदिराच्या गाभाऱ्यात जाऊ दिलं नाही, असं माजी खासदार रामदास तडस यांनी सांगितलं. ज्या जिल्ह्यात जमनालाल बजाजांनी १९२८ साली वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं, तिथली ही गोष्ट. गाव संतापलं ते रास्तच. पण त्या रागाला पत्ता होता : कोण अडलं, कोणी अडवलं, कुठल्या दाराशी, हे सगळ्यांना ठाऊक. अफवेच्या रागाला पत्ता नसतो, म्हणून तो समोर दिसेल त्या काचेवर फुटतो.

डेन्मार्कने २०२३ च्या डिसेंबरात धर्मग्रंथाची विटंबना गुन्हा ठरवली, तेव्हा इथेही तसा कायदा करा अशी मागणी होती. मला त्यात फारसा जीव दिसत नाही. आपल्याकडे असा कायदा १९२७ पासून आहे. कायद्याने राग आवरत असता तर महाल शांत राहिला असता. इथल्या न्यायालयांचा हिशेब मात्र बघा : पालुदानला मालमोच्या न्यायालयाने २०२४ च्या नोव्हेंबरात चार महिन्यांची कैद सुनावली. त्याच्या नावाने दगड उचललेल्यांपैकी कित्येकांना त्याच्या कितीतरी आधी काही वर्षांची झाली होती.