झोपेची गोळी, दुखण्याची गोळी आणि अंगाला लागलेली सवय

(सामुदायिक रेडिओवरील आरोग्यविषयक भाषण)

रात्रीची भांडी आवरून रेडिओजवळ बसला असाल. आज माझ्याच घरात घडलेली गोष्ट सांगते. तिच्यात चूक झाली ती माझ्या हातून, म्हणून ती सांगायचा हक्कही माझाच.

आमचे मामंजी वारले तेव्हा आत्यांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, झोपच उडाली. रात्रभर उंबऱ्यात बसून राहायच्या. डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली, रोज एक, पंधरा दिवस. गोळीनं गुण आला. पंधरा दिवस संपले, पण गोळी काही संपली नाही. कुणी बाजाराला निघालं की आत्या रिकामं पाकीट हातात द्यायच्या, दुकानात ते दाखवलं की नवं मिळायचं. चिठ्ठी कुणी मागितली नाही, आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही. सहा महिन्यांत एकीच्या दोन झाल्या, दीड वर्षात तीन. तरी त्या म्हणायच्या, "पोरी, पूर्वीसारखी झोप नाही गं लागत."

मी आरोग्याचं काम करणारी बाई. एका शिबिरात व्यसनांवरचं भाषण ऐकून तावातावानं घरी आले आणि गोळ्यांचं पाकीट सरळ चुलीत टाकलं. वाटलं, चार दिवस त्रास होईल, मग सुटेल. त्या रात्री आत्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घामानं लुगडं भिजलं, भिंतीवर मुंग्या चालल्यात असं म्हणायला लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशीच त्यांना झटका आला, दातखिळी बसली. १०८ ची गाडी बोलावून दवाखान्यात नेलं. त्या वाचल्या. तिथले डॉक्टर मला म्हणाले, "ताई, गोळी सोडवायची होती हे बरोबर. पण अशी नाही."

ते वाक्य मी आजही विसरले नाही. म्हणून आज हाच विषय घेतला.

सवय म्हणजे नेमकं काय?

आपल्याला कळेल असं उदाहरण देते, मिशरीचं. पहिल्यांदा मिशरी लावली तेव्हा काय झालं, आठवा. डोकं गरगरलं, मळमळलं. महिनाभरानं तेवढ्या चिमटीनं काहीच होईना. मग दिवसातून दोनदा, मग तीनदा. तेवढ्याच मात्रेचा गुण कमी होत जातो, कारण शरीर सरावतं. ही झाली पहिली पायरी, सराव.

दुसरी पायरी अशी, की मिशरी लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही, डोकं जड होतं, चिडचिड होते. आता आपण बरं वाटावं म्हणून लावत नाही, लावली नाही तर त्रास होतो म्हणून लावतो. शरीर तिच्यावर अवलंबून झालं.

तिसरी पायरी चटकेची. सारखं मन तिकडेच धावतं, लपवून ठेवावंसं वाटतं, पैसे दुसरीकडून काढावेसे वाटतात, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही. याला व्यसन म्हणतात. आत्या दुसऱ्या पायरीवर होत्या, तिसऱ्या नव्हे. मी मात्र त्यांना व्यसनी समजून वागले.

गोळी काढून घेतली तर झटका का यावा?

जत्रेतली रस्सीखेच डोळ्यांपुढे आणा. झोपेची गोळी मेंदूला एका बाजूनं ओढते, शांत हो, झोप म्हणून. मेंदूला जागं राहून कामही करायचं असतं, म्हणून तो दुसऱ्या बाजूनं जोर लावतो. गोळी रोज येते, मेंदूही रोज जोर वाढवतो. मग गोळीचा गुण कमी पडतो आणि एकीच्या दोन होतात. आता समोरच्यानं दोर एकदम सोडला तर काय होईल? जोर लावलेला गडी पाठीवर आपटेल. तसाच गोळी एकाएकी बंद केली की मेंदूचा सगळा जोर उसळतो. झोप उडते, छाती धडधडते, हात कापतात, भास होतात, आणि काही जणांना झटके येतात. या झटक्यानं जीवही जाऊ शकतो.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम ही अशा गोळ्यांच्या आतल्या औषधांची नावं. पाकिटावर कंपनीचं नाव मोठं असतं आणि हे बारीक अक्षरात, म्हणून शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. या जातीतलं पहिलं औषध १९६० साली बाजारात आलं आणि डायझेपाम १९६३ साली. तेव्हा ती अगदी निर्धोक समजली जात. त्यांची सवय लागते हे डॉक्टरमंडळींमध्येही सर्वमान्य व्हायला पुढं वीसेक वर्षं गेली. तेव्हा सवय लागली म्हणून कुणी लाजू नये. रोज घेतली तर काही आठवड्यांतही ती लागू शकते, म्हणूनच झोपेसाठी ही गोळी साधारण दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नये असं सांगतात.

म्हाताऱ्या माणसांना आणखी एक धोका असतो. गोळीची गुंगी सकाळपर्यंत राहते, रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. विसरभोळेपणा वाढतो तो वयानं, असं आपण म्हणतो. कधी कधी तो गोळीनं असतो.

दुखण्याच्या गोळ्यांची दोन घराणी

दुखण्याच्या सगळ्या गोळ्या एका जातीच्या नसतात. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक हे एक घराणं. यांची अशी चटक लागत नाही, पण म्हणून त्या खाऊ नव्हेत. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक महिनोन्महिने घेतल्या तर पोटात जखमा होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडं खराब होतात. उसाच्या फडात किंवा खुरपणीला उन्हात पाणी न पिता राबायचं आणि वर ही गोळी घ्यायची, म्हणजे मूत्रपिंडावर दुहेरी मार. पॅरासिटामॉल जास्त झाली तर यकृत बिघडतं. आणखी एक गंमत बघा. डोकेदुखीवर महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस गोळी घेत राहिलं, तर गोळीमुळेच रोज डोकं दुखायला लागतं. बाई म्हणते, डोकं दुखतं म्हणून गोळी घेते. खरं तर गोळी घेते म्हणून डोकं दुखत असतं.

दुसरं घराणं अफूच्या जातीचं. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, पेंटाझोसिन, मॉर्फिन, आणि खोकल्याच्या काही औषधांत असतं ते कोडीन. ऑपरेशननंतर किंवा मोठ्या दुखण्यात ही लागतात आणि उपयोगीही पडतात. पण यांचा सराव लवकर होतो. कंबरदुखीला महिनोन्महिने घेत राहिलं तर दुखणं कमी होण्याऐवजी शरीर दुखण्याला जास्तच हळवं होतं. बंद केली की जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, जुलाब, सगळं अंग ठणकणं सुरू होतं. मग बाईला वाटतं, मूळ दुखणंच वाढलं, आणि ती पुन्हा गोळी घेते. ट्रॅमाडॉल जास्त झाली तर झटकेही येतात. २०१८ सालापासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आली आहे. कित्येकदा ती पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत असते, त्यामुळे घेणारीला पत्ताच नसतो.

एक गोष्ट मात्र उलटी समजू नका. घरात कर्करोगाचं माणूस असेल आणि डॉक्टरांनी मॉर्फिन दिलं असेल, तर सवय लागेल म्हणून त्याला तळमळत ठेवू नका. तिथं वेदना थांबवणं हाच धर्म. तसंच रक्तदाब, साखर, फिट आणि मानसिक आजाराच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात म्हणजे ते व्यसन नव्हे. आज माझं ऐकलं आणि उद्या त्या बंद केल्या, असं कुणीही करू नका.

दारू पिणाऱ्या नवऱ्याला चोरून गोळी

आता एक नाजूक गोष्ट. गटातल्या बायका मला कानात सांगतात, "ताई, तो पिऊन आला की मारतो. म्हणून कालवणात झोपेची गोळी मिसळते. निदान रात्र तरी शांत जाते." बायांनो, तुमची अडचण मला कळते. पण दारू, झोपेची गोळी आणि अफूच्या जातीची गोळी, या तिन्ही श्वास मंद करतात. यांतल्या दोन एकत्र आल्या तर झोपेतच श्वास थांबू शकतो. माणूस घोरतोय असं वाटतं आणि सकाळी उठत नाही. मार वाचवायला गेलात आणि जन्माचं संकट ओढवलं, असं होईल. माराला वाट वेगळी आहे. त्यासाठी १८१ हा महिला मदत क्रमांक आहे, ११२ आहे, आपला गट आहे. कुणी अशा गुंगीत असेल, हाक मारून उठत नसेल, ओठ निळे पडले असतील, तर त्याला कुशीवर करा आणि ताबडतोब १०८ लावा.

मग करायचं काय?

पहिलं, गोळी स्वतःहून एकदम बंद करायची नाही. डॉक्टरांकडे जायचं आणि किती दिवसांपासून किती घेते ते खरं सांगायचं. डॉक्टर मात्रा थोडी थोडी उतरवतात. दर दोन ते चार आठवड्यांनी साधारण दहाव्या हिश्शानं किंवा त्याहून कमी, माणसाला झेपेल तसं. दोर हळूहळू सैल सोडायचा. आमच्या आत्यांना आठ महिने लागले.

दुसरं, दुकानात जाताना चिठ्ठी न्यायची. अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रॅमाडॉल यांसारख्या औषधांच्या पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो. २०१४ सालापासूनच्या नियमानं ही औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. दुकानदारानं वहीत रोग्याचं आणि डॉक्टरांचं नाव लिहून ती नोंद तीन वर्षं जपायची असते. चिठ्ठी मागणारा दुकानदार आडमुठा नव्हे, तो आपलं भलंच करतोय.

तिसरं, डॉक्टर गोळी लिहितात तेव्हा तीन प्रश्न विचारा. ही कशाची? किती दिवस? बंद कशी करायची? विचारायला लाजू नका. आणि गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते आधी सांगा. औषध बाळापर्यंत पोचतं.

चौथं, झोप का उडाली ते शोधा. दुःख आहे, कर्ज आहे, पाळी जाण्याच्या वयातल्या अंगातल्या वाफा आहेत, की सांधे दुखतात? त्याचा इलाज झाला तर गोळी लागणारही नाही. दुपारची लांब झोप टाळा. संध्याकाळनंतर चहा नको. झोपताना मिशरी नको, कारण तंबाखू झोप उडवते. उतारवयात झोप थोडी कमीच होते, तो आजार नव्हे.

मन जड झालं असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फुकट बोलता येतं, रात्रंदिवस, मराठीतसुद्धा. व्यसनाबद्दल विचारायला १४४४६ आहे. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. तिथं जाणारी बाई वेडी नसते.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक काम करा. प्रत्येकीनं घरातला औषधाचा डबा आणायचा. कुठली गोळी कुणाची, कधीपासून चालू आहे, आणि कुणी सांगितली, एवढंच बघायचं. महिन्याच्या वर चाललेली झोपेची किंवा दुखण्याची गोळी दिसली, तर आशाताईंना दाखवायची. कुणाला हसायचं नाही, कुणाची गोळी हिसकावायची नाही. आणि चुलीत तर मुळीच टाकायची नाही.

आत्या आता गोळी घेत नाहीत. सगळ्याच रात्री झोप लागते असं नाही. नाही लागली तर दिवा लावून गोधडीला चार टाके घालतात. कधी मला उठवतात, मग आम्ही मामंजींच्या गोष्टी काढतो. खरं तर पहिल्याच महिन्यात मी त्यांच्याजवळ असं बसायला हवं होतं.