टाकी उपसण्याआधी

कोकणातल्या घरात संडासची टाकी भरल्याचं कळतं ते बहुधा गणपतीत. एरवी दोन म्हातारी माणसं राहतात त्या घरात चाकरमानी उतरतात. वरून पाऊस कोसळत असतो, शोषखड्ड्याभोवतीची जमीन आधीच भिजून तुडुंब झालेली असते. ती आणखी पाणी घेत नाही आणि संडासात टाकलेलं पाणी जागच्या जागी उभं राहतं. मग गाडीसाठी फोनाफोनी सुरू होते. भर पावसात टाकी तळापर्यंत रिकामी करणंही धोक्याचं असतं. बाहेरच्या पाण्याचा दाब भिंती आत लोटतो, प्लॅस्टिकची टाकी तर जमिनीतून वर उचलली जाते. म्हणून राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराची टाकी आम्ही वैशाखातच उपसून घ्यायचं ठरवलं.

टाकी भरली आहे की नाही, हे अंदाजाने ठरवू नये. लांब काठीला जुनं पांढरं धोतराचं फडकं गुंडाळून ती झाकणातून तळापर्यंत सोडायची, जरा थांबून सावकाश वर घ्यायची. फडक्यावर खाली काळा, दाट पट्टा उमटतो. तो गाळ. त्याच्या वर पाण्याची फिकट खूण, आणि अगदी वर तरंगत्या घाणीची साय. गाळ पाण्याच्या उंचीच्या एक तृतीयांशावर गेला की टाकीचं काम थांबत आलेलं असतं. मैला तळाशी बसायला पाण्याला स्थिर वेळ लागतो, आणि गाळाने जागा खाल्ली की तो वेळ मिळत नाही. न बसलेला मैला मग पाण्याबरोबर थेट शोषखड्ड्यात जातो. टाकी उपसता येते, पण मैल्याने लिंपला गेलेला शोषखड्डा बहुतेकदा नव्यानेच खणावा लागतो.

आमच्या फडक्यावरचा पट्टा निम्म्याच्या जवळ आला.

गाडी ठरवताना मालकाला सांगायची मुख्य गोष्ट म्हणजे घराची उंची. आपल्याकडे रस्ता वर आणि घर खाली, मध्ये चिऱ्यांची पाखाडी. गाडीवाला विचारतो ते पाइप किती लांब लागेल. पण लांबीइतकीच उंचीही महत्त्वाची. पंप हवा ओढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब मैला वर ढकलतो. हा दाब पाण्याला फार तर 10 मीटर चढवू शकतो, प्रत्यक्षात गाळ सहा-सात मीटरच्या वर नेता येत नाही. टाकीची खोली अधिक पाखाडीची उंची यात बसत नसेल, तर रस्त्यावर उभी राहिलेली मोठी गाडी कितीही दणदणली तरी उपयोग नाही. आमचं तसंच होतं. शेवटी खालच्या पाणंदीतून येणारी ट्रॅक्टरवरची लहान टाकी मिळाली.

टाकीच्या दोन्ही कप्प्यांची झाकणं आदल्या दिवशीच मोकळी केली होती. खळ्याच्या काँक्रीटखाली गेलेलं एक झाकण गवंड्याला फोडून काढावं लागलं, त्या जागी आता कडीचं झाकण बसवलं आहे. पंप सुरू झाल्यावर पाणी भराभर गेलं. तळाचा गाळ मात्र चिकटून राहिला. तेव्हा ट्रॅक्टरवाल्याने सहज म्हटलं, "पोरगा उतरेल आत, दोन मिनिटांचं काम आहे." पोरगा वीस-बावीस वर्षांचा, शर्ट काढायलाही लागला होता.

मी नाही म्हटलं, आणि हे सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे. गाळ ढवळला की त्यात कोंडलेला हायड्रोजन सल्फाइड सुटतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की तो वास घेणारी नसच बधिर करतो. म्हणजे वास येईनासा होतो तेव्हाच माणूस मरणाच्या दारात असतो. सोबत मिथेन असतो, त्याला वासच नाही, आणि प्राणवायू कमी असतो. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. झाकण तासभर उघडं ठेवल्याने यातलं काहीही टळत नाही. संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा घरमालकालाही लागू होतो. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 30 लाखांवर नेली. आणि आत उतरवला जाणारा पोरगा कोणत्या वस्तीतला असतो, हे आपल्या गावांना नीट ठाऊक आहे. ते ठाऊक असूनही आपण गप्प राहतो, याची मला चीड येते.

गाळ निघाला, फक्त वेळ लागला. चार-पाच कळश्या पाणी ओतायचं, वरूनच लांब बांबूने ढवळायचं, पुन्हा ओढायचं. तळाचा बोटभर थर मुद्दाम ठेवला, कारण मैला कुजवणारे जिवाणू त्यात असतात. फिनेल, ॲसिड टाकून टाकी धुऊ नये, ते याचसाठी.

रिकाम्या टाकीत दोष दिसले. बाहेर जाणाऱ्या नळाचा टी तुटला होता. त्याचं खालचं टोक पाण्यात फूटभर बुडालेलं असलं म्हणजे वरची साय अडते. तो बाहेरूनच, झाकणातून हात घालून बदलता आला. हवेच्या नळीवरची जाळी फाटली होती, तिथे नवी बांधली. हत्तीरोग पसरवणारे क्युलेक्स डास अशाच टाक्यांत वाढतात. न्हाणीघराचं पाणी टाकीतून तोडून माडाच्या आळ्यात सोडलं.

ट्रॅक्टर ठरवण्याआधी मी विचारलं होतं, "दादा, हे ओतणार कुठे?" आधी फोन केलेल्या एकाने "व्हाळात" असं सरळ सांगितलं होतं. त्याला बोलावलं नाही. जांभ्याची जमीन चाळणीसारखी असते. व्हाळात ओतलेलं खालच्या वाडीच्या विहिरीत जायला वेळ लागत नाही, म्हणून तर शोषखड्डा विहिरीपासून 18 मीटर दूर ठेवायला सांगतात. ज्याला घेतलं, त्याच्याशी आधीच ठरवून आमच्याच पडीक कातळाकडेच्या मातीत, विहिरींपासून लांब आणि उताराखाली वस्ती नाही अशा जागी, चर खणून गाळ ओतला आणि मातीने बुजवला. हा उपाय एका घरापुरता ठीक. सगळा गाव असं करू लागला तर तेवढी जमीन कुठून आणणार?

वाई आणि सिन्नर नगरपरिषदांनी प्रत्येक घराची टाकी 3 वर्षांतून एकदा पाळीने उपसायची पद्धत बसवली, आणि तो मैला शुद्धीकरण केंद्रात जातो. गावांनाही हे जमेल. पाच-दहा ग्रामपंचायतींनी मिळून एक लहान गाडी ठेवावी, जवळच्या नगरपरिषदेच्या केंद्राशी करार करावा. वित्त आयोगाचा बंधित निधी स्वच्छतेसाठी वापरता येतो. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा, आणि तो ठरावात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.