दोन डोळे, एक दृश्य : काचबिंदूतील दृष्टिहानीचा क्रम

काचबिंदूविषयीच्या पुष्कळशा माहितीपत्रकांत एक ठरावीक चित्र आढळते. रस्त्यावरचे एखादे दृश्य मध्यभागी स्पष्ट दिसते, आणि त्याच्या भोवती काळ्याकुट्ट अंधाराचे कडे असते; जणू पाहणारा एखाद्या बोगद्यातून बाहेर पाहत आहे. हे चित्र पाहून वाचक साहजिकच असे अनुमान करतो की, ज्या अर्थी मला असा अंधार दिसत नाही, त्या अर्थी माझे डोळे निर्दोष आहेत. हे अनुमान घातक होय. काचबिंदूतील दृष्टिहानी रोग्याला बहुधा अंधार म्हणून जाणवत नाही. किंबहुना पुष्कळ काळपर्यंत ती हानी म्हणूनच जाणवत नाही. असे का व्हावे आणि दोन्ही डोळ्यांत ही हानी कोणत्या क्रमाने पसरते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. विषय नेत्रवैद्यकाचा आहे हे खरे. परंतु 'मला नीट दिसते' या रोग्याच्या विधानाचा अर्थ काय, हा त्यातील कळीचा प्रश्न भाषेच्या अभ्यासकालाही परका नाही.

१. रोगाचे स्वरूप

मोतीबिंदू व काचबिंदू ही नावे जोडीने घेतली जातात, आणि नामसाम्यामुळे दोन्ही विकार एकाच जातीचे असावेत असा समज होतो. वस्तुतः मोतीबिंदू हा भिंगाचा विकार आहे. गढूळ झालेले भिंग काढून कृत्रिम भिंग बसविले की दृष्टी बहुधा परत मिळते. काचबिंदू हा नेत्रमज्जातंतूचा विकार आहे. दृष्टिपटलावर उमटलेली संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या या मज्जातंतूत प्रत्येक डोळ्यामागे सुमारे दहा ते बारा लाख सूक्ष्म तंतू असतात. डोळ्यातील द्रवाचा वाढलेला दाब हे त्यांच्या नाशाचे प्रमुख कारण होय; मात्र दाब नेहमीच्या मर्यादेत असूनही हा रोग झालेला आढळतो. नष्ट झालेले तंतू पुन्हा निर्माण होत नाहीत.

या रोगाचा एक प्रकार तीव्र वेदनेसह अकस्मात उद्भवतो व रोग्याला तत्काळ वैद्याकडे जाण्यास भाग पाडतो. येथे विचार करावयाचा आहे तो दुसऱ्या, वेदनारहित आणि संथ प्रकाराचा. त्याची गती वर्षांनी मोजावी लागते.

२. एका डोळ्यातील क्रम

दृष्टिपटलावरील तंतू सरळ रेषांनी मज्जातंतूच्या मुखाकडे जात नाहीत. दृष्टीच्या केंद्राला वळसा घालून त्यांचे काही समूह वरून, तर काही खालून कमानीसारखे जातात. काचबिंदूत प्रथम सामान्यतः या कमानी दुखावतात. दृष्टिपटलावरील प्रतिमा उलटी असल्यामुळे खालची कमान दुखावली असता वरचे दृष्टिक्षेत्र क्षीण होते, आणि वरची दुखावली असता खालचे. डेन्मार्कमधील नेत्रतज्ज्ञ बियेरुम यांनी १८८९ मध्ये वर्णिलेला कमानीच्या आकाराचा दोष तो हाच.

वरच्या व खालच्या कमानींचे तंतू नाकाकडील दृष्टिक्षेत्राच्या बाजूस एका आडव्या सीमारेषेवर समोरासमोर येतात, पण ती ओलांडीत नाहीत. म्हणून एकच कमान दुखावली, तर दृष्टिक्षेत्राच्या नकाशावर नाकाच्या बाजूस पायरीसारखा तुटकपणा दिसतो. रोगाची ही पुष्कळदा आढळणारी आरंभीची खूण होय. दृष्टीच्या केंद्राकडील तंतू मात्र बहुधा शेवटपर्यंत टिकतात. त्यामुळे तक्त्यावरील सर्वांत लहान अक्षरे वाचणाऱ्या मनुष्याचेही बरेचसे दृष्टिक्षेत्र नाहीसे झालेले असू शकते. अगदी अखेरच्या अवस्थेत मध्यभागी दृष्टीचे एक लहानसे बेट आणि कानाच्या बाजूस दुसरे, एवढेच काय ते उरते.

३. दोन डोळ्यांचा परस्पर आधार

आतापर्यंतचे वर्णन एका डोळ्याचे झाले. पण आपण एका डोळ्याने जगत नाही. प्रत्येक डोळ्याचे क्षेत्र कानाच्या बाजूस सुमारे ९० अंश किंवा किंचित अधिक, आणि नाकाच्या बाजूस सुमारे ६० अंश पसरलेले असते. दोन्ही क्षेत्रे मिळून सुमारे १८० अंशांचे एकत्रित क्षेत्र होते, आणि त्यांपैकी मधले सुमारे १२० अंश दोन्ही डोळ्यांना समाईक असतात.

उजव्या डोळ्याचे नाकाकडील क्षेत्र म्हणजे आपल्या डावीकडील जागा. तीच जागा डावा डोळा आपल्या कानाकडील क्षेत्राने पाहत असतो. काचबिंदूची हानी नाकाच्या बाजूस लवकर दिसू लागते हे वर सांगितलेच आहे. म्हणजेच ज्या भागाची राखण दुसरा डोळा करीत असतो, नेमका तोच भाग आधी जातो. उलटपक्षी, कानाच्या बाजूची अगदी कडेची पट्टी फक्त एकाच डोळ्याला दिसते, तिला दुसऱ्याचा आधार नाही. परंतु ती बहुधा सर्वांत शेवटी नष्ट होते. रोग चोरपावलांनी येतो असे आपण म्हणतो. या चोरपावलांचे रहस्य मुख्यतः या रचनेत आहे.

हा रोग बहुधा दोन्ही डोळ्यांत होतो, पण सारख्या प्रमाणात नव्हे. एक डोळा पुढे असतो, दुसरा मागून येतो. एकत्रित दृष्टीत प्रत्येक ठिकाणी ज्या डोळ्याची संवेदनक्षमता अधिक, स्थूलमानाने त्याचीच सत्ता चालते. म्हणून पहिल्या डोळ्यात मोठे छिद्र पडले तरी, दुसऱ्याची तीच जागा शाबूत असेपर्यंत, एकत्रित दृश्य अभंग राहते. दोन्ही छिद्रे जेव्हा एकाच दिशेच्या जागेवर येऊन पडतात, तेव्हा कोठे दोन्ही डोळे उघडे असतानाही उणीव उत्पन्न होते. रोग्याला 'गेल्या महिन्यापासून' कमी दिसू लागलेले असते. रोगाचा आरंभ मात्र अनेक वर्षांपूर्वीचा असतो.

४. उणीव काळी का दिसत नाही

वाचकांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. कागदावर डावीकडे एक फुली काढावी आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरांवर एक ठळक ठिपका काढावा. डावा डोळा मिटून उजव्या डोळ्याने केवळ फुलीकडे पाहत कागद सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर धरावा आणि किंचित पुढे-मागे करावा. एका ठिकाणी ठिपका नाहीसा होतो. मज्जातंतूचे मुख जेथे असते तेथे दृष्टिपटलाला संवेदना नसते. हाच प्रत्येक निरोगी डोळ्याचा अंधबिंदू. पण ठिपक्याच्या जागी काळा डाग दिसत नाही. कोरा कागदच दिसतो. आता नजर फुलीवरून न हलविता डावा डोळा उघडावा. ठिपका परत येतो. भरून काढणे आणि परस्पर आधार, या दोन्ही गोष्टींचा प्रत्यय या प्रयोगात येतो. (या प्रयोगाने काचबिंदूची परीक्षा मात्र होत नाही.)

श्रवणातही असेच घडते. वॉरेन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका वाक्यातील एक ध्वनी संपूर्ण कापून त्या जागी खोकल्याचा आवाज घातला होता. ऐकणाऱ्यांना शब्द अखंड ऐकू आला. खोकला नेमका कोठे आला, हेही त्यांना सांगता आले नाही. ज्ञानेंद्रिये जे देत नाहीत, ते मेंदू संदर्भावरून पुरवितो, आणि पुरविल्याची नोंद ठेवीत नाही.

'काळे दिसणे' आणि 'न दिसणे' यांतील अर्थभेद येथे निर्णायक ठरतो. काळे दिसणे हेही एक दिसणेच आहे. आपल्या पाठीमागची जागा आपल्याला काळी दिसत नाही. ती दिसतच नाही. लंडनमध्ये क्रॅब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचबिंदू असलेल्या ५० व्यक्तींना निरनिराळी चित्रे दाखवून आपल्या दृष्टीशी जुळणारे चित्र निवडावयास सांगितले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काळ्या बोगद्याचे किंवा काळ्या डागांचे चित्र एकानेही निवडले नाही. बहुतेकांनी काही भाग अस्पष्ट असलेली किंवा काही वस्तू गायब असलेली चित्रे निवडली. आणि सुमारे एकचतुर्थांश व्यक्तींना आपल्या दृष्टीत काही उणे असल्याची जाणीवच नव्हती.

५. व्यवहारातील खुणा

एकत्रित क्षेत्रातील हानी खालच्या भागात असेल, तर जिन्याच्या पायऱ्या, उंबरठा, रस्त्यातील दगड चुकतात आणि पडण्याचा धोका वाढतो. ती वरच्या भागात असेल, तर उघडे राहिलेले कपाटाचे दार कपाळावर आदळते. केंद्राच्या जवळ डावीकडे हानी पोचली, की वाचताना पुढच्या ओळीचा आरंभ सापडेनासा होतो. उजवीकडे पोचली, की पुढील शब्दाकडे नजर अडखळत जाते. या तक्रारी रोगी 'दिसत नाही' या शब्दांत क्वचितच मांडतो. 'हल्ली धांदरटपणा वाढला', 'वाचनात लक्ष लागत नाही', असे तो म्हणतो. दोष डोळ्याचा, आळ येतो स्वभावावर किंवा वयावर.

६. निष्कर्ष

दक्षिण भारतात झालेल्या लोकसंख्या-पाहण्यांत ज्यांना काचबिंदू असल्याचे आढळले, त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांच्या रोगाचे निदान तोपर्यंत झालेले नव्हते. यास केवळ अज्ञान किंवा हयगय कारण आहे असे म्हणता येणार नाही. 'मला नीट दिसते' असे सांगणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. त्याच्या अनुभवापुरते ते विधान सत्यच असते. पण ते विधान दोन डोळ्यांनी आणि मेंदूने मिळून रचलेल्या दृश्याविषयी असते. एकेका डोळ्याच्या प्रकृतीविषयी नसते. म्हणून या रोगात रोग्याच्या साक्षीवर विसंबून चालत नाही. प्रत्येक डोळ्याचे स्वतंत्र दृष्टिक्षेत्र-मापन, मज्जातंतूच्या मुखाचे निरीक्षण आणि दाबाची मोजणी हीच प्रमाणे मानावी लागतात. वयाची चाळिशी ओलांडलेल्यांनी, आणि ज्यांच्या आईवडिलांस वा भावंडांस हा रोग आहे त्यांनी विशेषेकरून, तक्रार नसतानाही ही तपासणी करवून घ्यावी. थेंब, लेझर किंवा शस्त्रक्रिया यांनी दाब उतरविला असता रोगाची गती पुष्कळ अंशी रोखता येते. गेलेले क्षेत्र मात्र परत मिळत नाही. जे वाचवावयाचे ते, दुसरा डोळा पहिल्याची उणीव झाकीत आहे तोवरच, वाचविले पाहिजे.