नूडलचा तंतू तुटत का नाही?

चीनमधील ह्वांग हो, म्हणजे पीत नदीच्या वरच्या खोऱ्यात लाजिया नावाचे एक प्राचीन गाव होते. सुमारे ४,००० वर्षांपूर्वी भूकंप आणि पूर यांच्या तडाख्यात ते गाडले गेले. तेथील उत्खननात सुमारे ३ मीटर गाळाखाली मातीचा एक पालथा पडलेला वाडगा मिळाला. तो उचलून पाहतात तो आत पिवळसर बारीक तंतूंचा गुंता! तंतूची जाडी सुमारे ३ मिलिमीटर आणि लांबी ५० सेंटिमीटरांहून अधिक. ते नूडल होते. ल्यू हौयुआन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली 'नेचर' या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध केला. तंतूंत सापडलेल्या पिष्टकणांवरून त्यांनी असे अनुमान काढले, की हे नूडल गव्हाचे नसून राळे आणि त्याच्यासारख्याच दुसऱ्या एका भरड धान्याचे आहेत.

आता घरी भाकरी करणाऱ्या कोणालाही विचारा, "राळ्याच्या पिठाचा हातभर लांब तंतू ओढता येईल का?" उत्तर एकच येईल, "छे! लगेच तुटेल." शास्त्रज्ञांनाही हीच शंका आली. मग ४,००० वर्षांपूर्वी हा तंतू तुटला का नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आशियातील निरनिराळ्या स्वयंपाकघरांत थोडे हिंडून यावे लागेल.

प्रथम त्याच भागातील लांचौ या शहरात जाऊ. हे शहर हाताने ओढलेल्या गव्हाच्या नूडलसाठी प्रसिद्ध आहे. आचारी कणकेचा एक जाड दोर घेतो, दोन्ही हातांनी ताणतो, मधोमध घडी घालतो आणि पुन्हा ताणतो. घडी घातली की एका तंतूचे दोन होतात, दुसऱ्या घडीला चार, तिसऱ्या घडीला आठ. ही आपली ओळखीची भूमितिश्रेढी. समजा, सुरुवातीचा दोर ३ सेंटिमीटर व्यासाचा आणि दीड मीटर लांबीचा आहे व प्रत्येक घडीनंतर तो पुन्हा दीड मीटरपर्यंत ताणला जातो. कणकेचे घनफळ तेवढेच राहते. म्हणून एकूण लांबी दुप्पट झाली की छेदाचे क्षेत्रफळ निम्मे होते आणि व्यास २ च्या वर्गमुळाने भागला जातो. ८ घड्यांनंतर २५६ तंतू होतात व प्रत्येकाचा व्यास ३० भागिले १६, म्हणजे सुमारे १.९ मिलिमीटर येतो. नेहमीच्या वाडग्याला एवढे पुरते. १२ घड्यांनंतर मात्र ४,०९६ तंतू होतात, व्यास अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी होतो आणि सर्व तंतू एकापुढे एक ठेवले तर लांबी ६ किलोमीटरांहून अधिक भरते! अशा अतिसूक्ष्म नूडलना चीनमध्ये 'ड्रॅगनच्या मिशा' म्हणतात.

गणित सोपे आहे. पण ज्वारीच्या पिठाने हे गणित पहिल्याच घडीला चुकते. गव्हात असे काय आहे?

गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन व ग्लायाडिन नावाची दोन प्रथिने असतात. पीठ पाण्यात भिजवून तिंबले, की त्यांचे रेणू एकमेकांत गुंतून एक जाळे तयार होते. यालाच ग्लुटेन म्हणतात. ग्लुटेनिनमुळे कणकेला रबरासारखी स्थितिस्थापकता येते. ताणून सोडली की ती मागे येऊ पाहते. ग्लायाडिनमुळे ती काकवीसारखी संथपणे वाहूही शकते. नूडल ओढण्यासाठी हे दोन्ही गुण लागतात. केवळ स्थितिस्थापक पदार्थ ताण काढताच पूर्ववत होईल, तर केवळ वाहणारा पदार्थ एखाद्या ठिकाणी बारीक होऊन तेथेच तुटेल. कणीक भिजवून ती झाकून का ठेवतात, हेही यावरून कळते. मळताना जाळ्यात साठलेला ताण त्या अवधीत सैल होतो आणि मग तीच कणीक न तुटता लांबते.

लांचौचे आचारी कणकेत आणखी एक वस्तू घालतात. ती म्हणजे तेथील एका रानटी झुडपाची राख. या राखेत मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असते. जपानमध्ये रामेन नावाच्या नूडलसाठी सोडियम व पोटॅशियम कार्बोनेटचे मिश्रण वापरतात. या अल्कधर्मी क्षारांमुळे कणीक अधिक चिवट होते. शिवाय पिठातील काही रंगहीन द्रव्ये अल्काच्या सान्निध्यात पिवळी होतात, म्हणून अंडे न घालताही रामेन पिवळसर दिसते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, त्यातलीच ही गोष्ट. आपल्याकडे पापडाच्या पिठात पापडखार घालतात, तोही अल्कधर्मीच.

आता जपानचे दुसरे नूडल पाहू. सोबा हे कुट्टूच्या पिठाचे करतात. कुट्टूत ग्लुटेन नसते. म्हणून सोबा ओढत नाहीत. पोळी लाटून, तिच्या घड्या घालून सुरीने कापतात. तरीही तुकडे पडण्याचा धोका राहतोच. त्यावर एक जुना उपाय म्हणजे ८ भाग कुट्टूत २ भाग गव्हाचे पीठ मिसळणे. गव्हाचे जाळे कुट्टूचे कण धरून ठेवते. केवळ कुट्टूचेच सोबा करायचे असेल तर काही कारागीर पिठात उकळते पाणी घालतात. हे उकळते पाणी लक्षात ठेवा. आपल्या कोड्याची किल्ली त्यातच आहे.

व्हिएतनाममध्ये 'फो' या पदार्थासाठी तांदळाचे चपटे नूडल लागतात. तांदळातही ग्लुटेन नाही. तेथे तांदूळ भिजवून वाटतात, ते पातळ पीठ वाफेवर ताणलेल्या कापडावर पसरतात आणि शिजलेल्या पातळ चादरीच्या पट्ट्या कापतात. येथे प्रथिनांचे काम पिष्ट करते. कच्च्या पिठातील पिष्टकण वाळूच्या कणांसारखे सुटे असतात. पाण्यात त्यांचे तापमान सुमारे ६० ते ८० अंश सेल्सिअसला पोचले, की ते पाणी शोषून फुगतात, फुटतात आणि त्यांच्यातील ॲमिलोज नावाचे लांब रेणू बाहेर पडतात. निवताना हे रेणू एकमेकांना बिलगतात व मिश्रण घट्ट होते. मुगाच्या पिष्टात ॲमिलोजचे प्रमाण बरेच असते. म्हणूनच चीनमधील मुगाच्या पिष्टाचे नूडल काचेसारखे पारदर्शक असूनही उकळत्या रश्श्यात विरघळत नाहीत.

थोडक्यात, तंतू टिकवण्याचे मार्ग दोन. एक प्रथिनांच्या जाळ्याचा, दुसरा शिजवलेल्या पिष्टाचा. पहिल्या मार्गात कच्ची कणीक ओढावी, दुसऱ्यात पीठ आधी उकडून मग दाबून तंतू काढावा. हे दोन्ही मार्ग आपल्या उन्हाळ्यातल्या वाळवणात शेजारी शेजारी दिसतात. गव्हाच्या शेवया हाताने लांबवतात, तो पहिला मार्ग. कुरडईसाठी तोच गहू भिजवून, वाटून, चोथा काढून चीक घेतात, तो शिजवतात आणि सोऱ्यातून पाडतात, तो दुसरा. कोकणातील शिरवाळे तर तांदळाच्या पिठाचे गोळे उकडून गरम असतानाच साच्यातून दाबून काढतात आणि नारळाच्या रसाबरोबर खातात. ज्वारीच्या पिठाची विरी गेली की गरम पाण्यात पीठ भिजवून भाकरी थापतात, त्यातही हेच तत्त्व आहे.

आता लाजियाच्या वाडग्याकडे परत येऊ. हे नूडल कणीक हाताने पुन्हा पुन्हा ओढून केले असावेत, असे सुरुवातीला सांगण्यात आले होते. २०११ साली दुसऱ्या चिनी संशोधकांनी भरड धान्याच्या पिठाचे नूडल प्रत्यक्ष करून पाहण्याचे प्रयोग केले आणि ते नूडल भरड धान्याचे असू शकतील का, याविषयीच शंका घेतली. यावर ल्यू यांच्या गटाने २०१४ साली उत्तर दिले. वायव्य चीनमध्ये उकळत्या भांड्यावर साचा ठेवून त्यातून पीठ दाबण्याची जुनी रीत आहे. त्या रीतीने, पिठातील पिष्ट अंशतः शिजवून घेतल्यावर, राळ्यासारख्या धान्याचेही लांब तंतू निघाले. म्हणजे प्रश्न केवळ 'धान्य कोणते' एवढाच नव्हता, तर 'रीत कोणती' हाही होता. मात्र तसा साचा ४,००० वर्षांपूर्वी त्या गावात होता, हे या प्रयोगाने सिद्ध होत नाही. एखादी गोष्ट शक्य आहे असे दाखवणे आणि ती तशीच घडली असे दाखवणे, यांत फरक आहे. विज्ञानात हा फरक कधीच विसरून चालत नाही.

आणखी एक प्रश्न उरतो. नूडल इतके बारीक करण्याची खटपट तरी कशासाठी? पाणी व उष्णता पदार्थाच्या गाभ्यापर्यंत पोचण्यास लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी निम्मी केली की वेळ साधारण चौथाई होतो. जेथे सरपण कमी, तेथे हा हिशेब फार मोलाचा. १९५८ साली जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी झटपट नूडल बाजारात आणले, तेव्हा त्यांनी याच दिशेने आणखी एक पाऊल टाकले. शिजवलेले नूडल तेलात तळले की आतल्या पाण्याची वाफ होऊन ते निघून जाते व मागे असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. पुढे गरम पाणी त्या छिद्रांतून चटकन आत शिरते.

शेवटी एक प्रयोग. गव्हाची कणीक व ज्वारीचे पीठ यांचे लिंबाएवढे गोळे थंड पाण्यात भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. मग दोन्ही ओढून पाहा आणि किती सेंटिमीटरला तुटतात ते लिहून ठेवा. नंतर कणकेचा गोळा पाण्याच्या बारीक धारेखाली चोळत राहा. दुधाळ पाणी जाते ते पिष्ट. हातात उरणारा चिवट, रबरासारखा लगदा म्हणजे ग्लुटेन. आता ज्वारीचे पीठ मोठ्या माणसांच्या मदतीने उकळत्या पाण्यात भिजवा, कोमट झाल्यावर मळा आणि पुन्हा ओढा. दोन्ही वेळच्या लांबीत किती फरक पडला? तो तंतू सोऱ्यातून काढला तर आणखी किती लांब निघतो? लाजियाचे कोडे सोडवू पाहणाऱ्यांनीही याच जातीचे प्रयोग केले होते.